चक्कर आली की लगेच सलाईन? थांबा! शरीराचा तोल सांभाळणारं यंत्र कानात असतं, ते असं चालतं

पहाटे कूस बदलली आणि अख्खं घर फिरायला लागलं. आढं, पंखा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं गरगर. डोळे घट्ट मिटून पडून राहिलं तर अर्ध्या-एक मिनिटात थांबलं, पण उठायला गेलं की परत तेच. मळमळ, घाम आणि पोटात भीतीचा गोळा.

घरातले म्हणतात, "बीपी वाढला असेल." शेजारी म्हणतो, "अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घ्या." तिसरा मानेच्या मणक्यावर बोट ठेवतो. बाटली लागते, पैसे जातात, दोन दिवस बरं वाटतं. मग एका रात्री परत कूस बदलली की परत घर फिरतं.

असा अनुभव गावोगावी लोकांना येतो. या प्रकारच्या चक्करचं कारण बहुतेक वेळा बीपीतही नसतं आणि पोटातही नसतं. ते असतं कानात. कानाचं काम फक्त ऐकणं नाही. शरीराचा तोल सांभाळणारं एक बारीक यंत्र आतल्या कानात बसवलेलं आहे. ते कसं चालतं हे एकदा समजलं, तर कोणत्या चक्करला घाबरायचं, कोणत्या चक्करला नाही आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं हे कळतं.

एकच शब्द, पण त्रास तीन

आपल्याकडे 'चक्कर' या एका शब्दात तीन वेगवेगळे त्रास येतात.

पहिला म्हणजे गरगरणं. आपण किंवा आजूबाजूच्या वस्तू गोल फिरतायत असं वाटतं. यात कानाचा संबंध असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

दुसरा म्हणजे भोवळ. बसलेलं माणूस पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडतो की काय असं वाटतं. फिरत काहीच नाही. उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी होणं, बीपी खाली जाणं, साखर उतरणं, रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके बिघडणं, अशी कारणं यात असतात.

तिसरा म्हणजे नुसता तोल जाणं. डोकं ठीक असतं, पण चालताना पाय लटपटतात, माणूस एका बाजूला झुकतं.

तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. "चक्कर येते" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांनाही अंदाज बांधावा लागतो. "गरगरतं" की "अंधारी येते" हे सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

कानाच्या आत नेमकं काय आहे?

कानाचे तीन भाग असतात. दिसतो तो बाहेरचा कान, पडद्यामागचा मधला कान, आणि त्याच्याही आत कवटीच्या अतिशय कठीण हाडात लपलेला आतला कान. या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक वळलेला भाग आहे, तो ऐकण्याचं काम करतो. त्याला लागूनच तोलाचं यंत्र आहे. त्यात तीन अर्धगोल नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या. एकेका नळीचं वेटोळं हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठं नसतं. असा एक संच उजव्या कानात आणि एक डाव्या कानात.

नळ्या डोकं कोणत्या बाजूला वळलं ते सांगतात. पिशव्या डोकं किती कललं आणि शरीर कुठल्या दिशेला सरकलं ते सांगतात.

तीन नळ्या: डोकं वळलं की पाणी मागे राहतं

पाण्याने भरलेली बादली जागच्या जागी पटकन अर्धा वळसा फिरवून बघा. बादली फिरते, पण आतलं पाणी लगेच फिरत नाही, मागे राहतं. पाण्यावर एखादं पान टाकलं तर हे स्पष्ट दिसतं. कानातल्या नळ्या याच नियमावर चालतात.

नळीत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. नळीच्या एका टोकाला फुगीर भाग असतो आणि तिथे जेलीसारखा मऊ पडदा आडवा उभा असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो आणि त्याच्या दाबाने पडदा वाकतो. पडद्यात खालच्या पेशींचे अतिशय बारीक केस रुतलेले असतात. केस एका बाजूला वाकले की पेशी मेंदूला जास्त वेगाने संदेश पाठवते, दुसऱ्या बाजूला वाकले की संदेश मंदावतात.

नळ्या तीनच का? कारण डोकं तीन प्रकारे हलतं. 'नाही' म्हणताना, 'हो' म्हणताना आणि मान खांद्याकडे कलवताना. तिन्ही नळ्या एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या आहेत, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटतात तशा. त्यामुळे डोकं कसंही हललं तरी कुठली ना कुठली नळी खबर देतेच.

यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन्ही कान जोडीने काम करतात. डोकं स्थिर असतानाही दोन्ही बाजूंनी मेंदूला सतत संदेश चालू असतात. माकडांवरच्या प्रयोगांत हा वेग एका मज्जातंतूत सेकंदाला सुमारे ९० दिसला आहे. डोकं उजवीकडे वळलं की उजवीकडचे संदेश वाढतात आणि डावीकडचे कमी होतात. मेंदू दोन्हींतला फरक बघतो.

हे बैलजोडीसारखं आहे. दोन्ही बैल सारखं ओढतायत तोवर गाडी सरळ चालते. एका बैलाने अचानक अंग सोडलं की गाडी एका बाजूला वळते. तसंच एका कानाचं यंत्र अचानक बंद पडलं, तर दुसऱ्याचे चालू संदेश बघून मेंदूला वाटतं की डोकं जोरात फिरतंय. माणूस खाटेवर पडलेला असतो, तरी त्याच्यासाठी घर फिरत असतं.

फुगडी थांबली तरी जग का फिरतं?

फुगडी सुरू होते तेव्हा द्रव मागे राहतो आणि फिरल्याचं जाणवतं. थोडा वेळ एकाच वेगाने फिरत राहिलं की द्रवही नळीबरोबर फिरायला लागतो, पडदा सरळ होतो. मग एकदम थांबलं की नळी थांबते, पण द्रव पुढे धावत राहतो. पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मेंदूला वाटतं की आता आपण उलट फिरतोय. पंधरा-वीस सेकंदांत पडदा जागेवर आला की सगळं शांत.

दारू जास्त झाल्यावर आडवं पडताच खाट फिरते, त्यामागेही हाच पडदा आहे. एरवी पडदा आणि भोवतीचा द्रव सारख्याच घनतेचे असतात. रक्तातली दारू पडद्यात आधी शिरते, पडदा हलका होतो आणि द्रवात वर उचलला जातो. डोकं हललेलं नसतानाही गरगरल्याचा खोटा संदेश जातो.

दोन पिशव्या: कानातला ओळंबा

गवंडी भिंत सरळ आहे का हे ओळंब्याने बघतो, कारण वजन नेहमी जमिनीकडे ओढलं जातं. कानातल्या दोन पिशव्या हेच करतात.

या पिशव्यांत केसाळ पेशींवर जेलीचा थर असतो आणि त्या थरावर चुनखडीचे हजारो सूक्ष्म कण पसरलेले असतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूत असतं तेच. हे कण इतके बारीक असतात की सुट्टा कण साध्या डोळ्यांना दिसायचा नाही. पण द्रवापेक्षा ते जड असतात. डोकं कललं की ते उताराकडे ओढले जातात, खालचे केस वाकतात आणि मेंदूला कळतं की डोकं किती कललंय.

एसटीने एकदम वेग घेतला की कण मागे राहतात, ब्रेक लागला की पुढे सरकतात. म्हणून डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही गाडी सुटली की थांबली ते कळतं. एक पिशवी मुख्यतः पुढे-मागे आणि डावी-उजवीकडची हालचाल ओळखते, दुसरी वर-खालीची. लिफ्ट वर निघाल्यावर जे जाणवतं ते या दुसरीमुळे.

माशांतही अशीच व्यवस्था असते, फक्त त्यांचे खडे मोठे असतात. किनाऱ्यावर घोळ मासा साफ करणाऱ्यांना डोक्यात सापडणारे पांढरे कठीण खडे ओळखीचे असतील. ते माशाच्या कानातलेच.

मोबाईलमध्ये पण हेच यंत्र आहे

हातातला मोबाईल आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो. मोबाईलला वर-खाली कुठे आहे हे कसं कळतं? त्यात ॲक्सिलरोमीटर नावाचा सूक्ष्म सेन्सर असतो. तो पिशव्यांचं काम करतो, जमिनीची ओढ कुठल्या दिशेला आहे ते सांगतो. बऱ्याच मोबाईलमध्ये जायरोस्कोप नावाचा दुसरा सेन्सरही असतो. तो नळ्यांचं काम करतो, मोबाईल किती वेगाने वळतोय ते सांगतो.

याच मोबाईलवर कानाची एक करामत बघता येते. बसून करा.

हा मजकूर समोर धरून हात स्थिर ठेवा आणि 'नाही, नाही' म्हणतो तशी मान भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने मोबाईल डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं पुसट होतात.

फरक का पडतो? मान हलते तेव्हा कान डोळ्यांच्या स्नायूंना थेट हुकूम देतो. डोकं उजवीकडे गेलं की डोळे तेवढेच डावीकडे. हे सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात होतं. मोबाईल हलतो तेव्हा मात्र कानाला काही कळत नाही, डोळ्यांना एकट्याने पाठलाग करावा लागतो आणि तेवढा वेग त्यांना जमत नाही. खाचखळग्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवताना समोरचा रस्ता स्थिर दिसतो तो कानाच्या या मदतीमुळे.

(मानेचं दुखणं असलेल्यांनी किंवा आधीच गरगरत असलेल्यांनी हा प्रयोग करू नये.)

कान, डोळा आणि पाय: तिघांचं एकमत हवं

तोल एकटा कान सांभाळत नाही. डोळे काय बघतात आणि तळपाय, घोटे, गुडघे, मान यांना काय जाणवतं, या तिन्ही बातम्या मेंदू एकत्र करतो. तिघांचं जुळलं तर माणूस बांधावरून डोक्यावर भारा घेऊनही नीट चालतो. जुळलं नाही तर मेंदू गोंधळतो.

घाटात एसटी लागते ती यामुळेच. कान सांगतो, वळणं चालू आहेत. डोळे मोबाईलवर किंवा पुढच्या सीटवर खिळलेले, ते सांगतात, काहीच हलत नाही. या भांडणातून मळमळ आणि उलटी. ड्रायव्हरला सहसा त्रास होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच दिसतं. म्हणून गाडी लागणाऱ्यांनी शक्यतो पुढच्या बाजूला बसावं, मोबाईल ठेवून द्यावा आणि खिडकीतून लांबचा रस्ता किंवा डोंगर बघावा. आतल्या कानाचं तोलाचं यंत्र दोन्ही बाजूंनी पूर्ण निकामी झालेल्या लोकांना मात्र गाडी लागत नाही, असं अभ्यासांत दिसलंय.

अंधाराचंही तसंच. वय वाढलं की कानातल्या पेशी कमी होतात, चुनखडीचे कण झिजतात. दिवसा डोळे ही उणीव भरून काढतात. रात्री लाइट गेल्यावर डोळ्यांची साथ सुटते. त्यात साखरेच्या आजाराने तळपाय बधिर झाले असतील तर तिघांपैकी कुणीच धड साक्ष देत नाही. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठताना पडतात, खुब्याचं हाड मोडतं, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं. उशाशी टॉर्च आणि हाताशी काठी, एवढ्यानेही यातल्या काही पडझडी टळतात.

थंड पाण्याने उलगडलेलं कोडं

चक्कर कानातून येऊ शकते हे डॉक्टरांनाही बराच काळ ठाऊक नव्हतं. 'मेंदूत रक्त चढलं' असं समजून रुग्णांचं रक्त काढलं जायचं. १८६१ मध्ये पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पर मेनियर यांनी, गरगरणं आणि कमी ऐकू येणं एकत्र असेल तर दोष आतल्या कानात असू शकतो, असं मांडलं.

पुढचा धागा व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना सापडला. ते रुग्णांचे कान पाण्याने धुवायचे. पाणी फार थंड असलं की रुग्ण गरगरल्याची तक्रार करायचे आणि त्यांचे डोळे आपोआप एका बाजूला झटके देत हलायचे. पाणी फार गरम असलं की झटक्यांची दिशा उलटायची. बारानींच्या लक्षात आलं की थंडीने नळीतला द्रव जड होऊन खाली जातो, उष्णतेने हलका होऊन वर येतो आणि डोकं स्थिर असूनही पडदा वाकतो. कोणत्या कानाचं यंत्र चालू आहे आणि कोणत्या कानाचं बंद, हे तपासायची रीत त्यातून मिळाली. त्यासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा पहिल्या महायुद्धात ते रशियाच्या कैदेत होते.

विहिरीत, तळ्यात पोहणाऱ्यांसाठी यात एक इशारा आहे. कानाच्या पडद्याला भोक असेल तर सूर मारल्यावर थंड पाणी त्याच कानात आतपर्यंत जातं. एका बाजूचा द्रव गार होतो आणि पाण्याखालीच जोरात गरगरायला लागतं. वर कुठे, खाली कुठे हे कळेनासं होतं. कान फुटलेल्या, कान वाहणाऱ्या माणसाने आणि मुलांनी विहिरीत सूर मारू नये.

खडा जागा सोडतो तेव्हा

आता पहाटेच्या त्या चक्करकडे येऊ. पिशवीतले चुनखडीचे कण कधी कधी सुटतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्याने किंवा काहीच कारण नसताना. सुटलेले कण घरंगळत नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली असते. मग कूस बदलली, माळ्याकडे वर बघितलं, खाली वाकून भांडं उचललं की कण नळीत सरकतात आणि द्रवाला ढकलतात. घर फिरतं. कण तळाला बसले की थांबतं. म्हणून ही चक्कर साधारण एका मिनिटाच्या आत थांबते आणि डोकं ठरावीक बाजूला नेलं की परत येते. गरगरण्याचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. यात कानाला ऐकू कमी येत नाही, जिवाला थेट धोका नसतो. धोका असतो तो पडण्याचा.

याची परीक्षा खाटेवर होते, मशीन लागत नाही. डॉक्टर रुग्णाची मान एका बाजूला वळवून त्याला झटकन पाठीवर झोपवतात आणि डोळ्यांकडे बघतात. डोळे झटके देऊन फिरू लागले तर कोणत्या कानात खडा आहे ते कळतं. ही रीत लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडली.

उपचारही तसाच साधा. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एप्ली यांना सुचलं की खडा नळीत घरंगळत गेला असेल तर डोकं टप्प्याटप्प्याने वळवून त्याला घरंगळतच बाहेर काढता येईल. रुग्णाला मान वळवून मागे झोपवायचं, मग मान दुसऱ्या बाजूला न्यायची, मग त्या कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे करायचं आणि शेवटी उठवून बसवायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना हे खरं वाटलं नाही. १९९२ मध्ये त्यांचा लेख छापून आला आणि आज जगभर हीच पद्धत वापरतात. बहुतेकांना एक ते तीन वेळा केल्यावर आराम पडतो. औषध नाही, सुई नाही.

मग सलाईनचं काय? उलट्या-जुलाबाने किंवा उन्हाने अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन उपयोगाचं आहे. पण सलाईन म्हणजे मीठ-पाणी किंवा साखर-पाणी, ते खड्याला जागेवर नेत नाही. गोळ्याही नेत नाहीत, त्या मळमळ दाबतात. बाटली लावल्यावर दोन दिवस बरं वाटतं, कारण माणूस मान न हलवता पडून राहतो आणि काही वेळा खडा आपोआपही निघून जातो.

व्हिडिओ बघून हा व्यायाम घरी सुरू करण्याआधी एकदा तरी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावं. खडा कोणत्या कानात, कोणत्या नळीत आहे हे चुकलं तर उपयोग होत नाही. मानेचा किंवा पाठीचा आजार असेल तर इजाही होऊ शकते.

कानाचे बाकीचे त्रास

मज्जातंतूला सूज: सर्दी-तापासारख्या विषाणूच्या आजारानंतर कधी कधी एका बाजूचा तोलाचा मज्जातंतू सुजतो. बैलजोडीतला एक बैल अचानक बसतो. चक्कर मिनिटाची नसते, एक-दोन दिवस सलग चालते, उलट्या होतात. नंतर मेंदू एका बाजूच्या बातमीवर काम चालवायला शिकतो. त्यासाठी हालचाल लागते. म्हणून चक्करच्या गोळ्या सुरुवातीचे दोन-तीन दिवसच घ्याव्यात. महिनोन्महिने घेत राहिल्या तर मेंदूचं हे शिकणं लांबतं.

मेनियरचा आजार: वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत गरगरतं. सोबत एका कानात आवाज, कान भरल्यासारखा वाटणं आणि कमी ऐकू येणं.

वाहणारा कान: वर्षानुवर्षं घाण वास येणारा पू वाहत असेल तर आतलं हाड कुरतडलं जाऊन नळीपर्यंत भोक पडू शकतं. वाहता कान आणि चक्कर एकत्र असेल तर थांबू नये. कानात गरम तेल, लसणाचा रस, काडी, पिन काहीही घालू नये.

औषधांचा परिणाम: जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी काही इंजेक्शनं कानातल्या केसाळ पेशींना मारू शकतात, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना. दोन्ही बाजू सारख्याच बिघडतात म्हणून गरगरत नाही. पण अंधारात चालता येत नाही आणि चालताना समोरचं सगळं हलतं. स्ट्रेप्टोमायसिनने तोल गेलेल्या एका अमेरिकन डॉक्टरने स्वतःचा अनुभव १९५२ मध्ये लिहिला. वाचताना नाडीच्या ठोक्यानेही अक्षरं हलायची, म्हणून त्यांना खाटेच्या दोन दांड्यांमध्ये डोकं टेकवून स्थिर ठेवावं लागायचं. ही इंजेक्शनं काही आजारांत जीव वाचवतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. इंजेक्शनं चालू असताना तोल जाऊ लागला किंवा कानात आवाज येऊ लागला तर लगेच सांगायचं.

इथे मात्र एक मिनिटही थांबू नका

काही वेळा चक्कर मेंदूच्या झटक्याचीही असते. चक्करसोबत खालीलपैकी काहीही असेल तर ते कानाचं समजून घरी थांबायचं नाही:

- तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, बोलणं अडखळणं
- हातापायातली ताकद जाणं किंवा एका बाजूला बधिरपणा
- एकाचे दोन दिसणं, घास गिळता न येणं
- आधाराशिवाय उभंच राहता न येणं
- कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी
- छातीत दुखणं, शुद्ध हरपणं
- पहिल्यांदाच आलेली आणि थांबतच नसलेली चक्कर, त्यात बीपी, शुगर, तंबाखू किंवा हृदयाचा आजार असलेला माणूस
- अचानक एका कानाने ऐकू येणं बंद होणं

१०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात.

चक्कर पूर्ण थांबेपर्यंत ही कामं नकोत

विहिरीच्या काठावर उभं राहणं, मोटर काढायला विहिरीत उतरणं, नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावर चढणं, पत्र्यावर किंवा माळ्यावर जाणं, ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी चालवणं, एकट्याने पोहणं. एका मिनिटाची चक्कर घरात खाटेवर आली तर ती फक्त त्रास देते. तीच विहिरीच्या काठावर किंवा झाडाच्या शेंड्यावर आली तर जीव घेऊ शकते.

सकाळी उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा आणि मग उभे राहा.

दवाखान्यात जाताना हे लिहून न्या

१. गरगरतं, अंधारी येते की नुसता तोल जातो?
२. किती वेळ टिकतं? सेकंद, मिनिटं, तास की दिवस?
३. कशाने येतं? कूस बदलल्यावर, वर बघितल्यावर, उभं राहिल्यावर की आपोआप?
४. कानात आवाज, कमी ऐकू येणं, पू वाहणं आहे का?
५. नुकताच ताप, सर्दी किंवा डोक्याला मार?
६. कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत? पाकिटं सोबत न्या.

चक्कर चालू असताना घरातल्या कुणीतरी रुग्णाच्या डोळ्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला तर फार उपयोग होतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत चक्कर थांबलेली असते, पण व्हिडिओत डोळ्यांचे झटके दिसतात आणि त्यांच्या दिशेवरून कान-नाक-घसा तज्ज्ञांना बरंच काही कळतं.

थोडक्यात

कूस बदलल्यावर येणारी आणि मिनिटभरात थांबणारी गरगर ही बहुतेक वेळा कानातल्या खड्याची असते आणि मान योग्य रीतीने वळवून बरी होऊ शकते. तासन् तास चालणारी, ऐकू कमी करणारी किंवा कान वाहत असताना आलेली चक्कर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायची. बोलणं, चेहरा, हातपाय किंवा नजर बिघडवणारी चक्कर म्हणजे थेट मोठा दवाखाना. आणि उभं राहताना नुसती अंधारी येत असेल तर बीपी, शुगर आणि रक्त तपासून घ्यायचं. बाटली लावायची की नाही हे त्यानंतर ठरवावं.